मुहूर्तमेढीखालचा पाइप

आजकाल मुंबईत लग्नाची मुहूर्तमेढ तेलाच्या रिकाम्या डब्यात रोवतात. डब्यात माती भरायची, मेढ उभी करायची, वर आंब्याची डहाळी बांधायची, हळदकुंकू वाहिलं की झालं. जमीन आहेच कुठे? जिकडेतिकडे कोबा, नाहीतर पेव्हर ब्लॉक. देवांनीही ते चालवून घेतलंय. मालनने मात्र चालवून घेतलं नाही.

तिला दोष तरी कसा द्यायचा! तिच्या लेकीचं, जान्हवीचं, लग्न दोनदा ठरून मोडलं होतं. पहिल्या मुलाने साखरपुड्यानंतर परदेशातल्या नोकरीचं कारण काढलं आणि तो गुल झाला. दुसऱ्या वेळी पत्रिका वाटून झाल्या होत्या, दारात मेढ उभी होती. डब्यातलीच. एका दुपारी मांजराने कौलावरून उडी मारली ती नेमकी त्या डब्यावर. डबा आडवा झाला, मेढ पडली, आणि त्याच आठवड्यात मुलाकडच्यांचा फोन आला. मांजर आणि फोन यांचा काय संबंध, असं कुणी म्हणालं की मालन त्याच्याकडे अशी बघायची की पुढचं बोलणं तोंडातच राहायचं. तिच्या लेखी संबंध होता, आणि तो दिवसाढवळ्या दिसला होता.

म्हणून या तिसऱ्या वेळी तिने नवऱ्याला बजावून सांगितलं, "मेढ जमिनीत रोवायची. खाली माती लागली पाहिजे."

"खंय आसा जमीन?" धाकू म्हणाला. गिरणी बंद पडली, वॉचमनची नोकरी संपली, केस पांढरे झाले, तरी धाकूचं मालवणी काही सुटलं नव्हतं.

जमीन मालननेच शोधली. घाटकोपरच्या टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली त्यांची चाळ. त्यांच्या दारासमोर चार हात रुंदीचा बोळ, आणि बोळाच्या पलीकडच्या कडेला, एक पुरुषभर खाली, द्रौपदीचं घर. म्हणजे द्रौपदीच्या घराची मागची भिंत हीच मालनच्या बोळाची कड. बोळात सगळा कोबा होता, फक्त उंबऱ्यापुढचा एक पट्टा तडकून पोकळ झाला होता. पायाने दाबला तरी भुसभुशीत लागायचा. मालनला वाटलं, देवानेच जागा करून ठेवलीय. तो पट्टा तसा का झालाय, हा विचार तिच्या मनात आला नाही. काही वर्षांपूर्वी उघडं गटार बुजवून चाळीतल्या लोकांनी तिथे प्लॅस्टिकचा पाइप पुरला होता आणि वर चर कसाबसा भरला होता. तिच्या आणि वरच्या दोन घरांच्या मोऱ्यांचं पाणी त्यातूनच खालच्या गटाराला जायचं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. आठवलं नाही, इतकंच.

तुळशीची लग्नं झाली, आणि मुहूर्ताच्या सकाळी धाकूने पहार घातली. मालन खाली बसून हाताने माती बाजूला करत होती. दोन घाव झाले, तिसऱ्याला पहार कच्चकन आत गेली. मालनने माती ओढली तर मातीबरोबर करड्या प्लॅस्टिकचा एक तुकडा हातात आला, बांगडीच्या फुटक्या काचेएवढा, आणि मागोमाग मोरीचा कुबट वास.

धाकू डहाळी बांधत होता. शेजारणी अक्षता घेऊन उभ्या होत्या. भटजी घड्याळाकडे बघत होते. मालनला सगळं कळलं. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण मुहूर्ताच्या वेळी खड्डा बदलायचा, म्हणजे मेढ जागची हलवायची, आणि मेढ हलली की काय होतं ते ती मागच्या वेळी सोसून बसली होती. तिने तो तुकडा खड्ड्यात टाकला, वर मूठभर हळदकुंकू, सुपारी, आणि म्हणाली, "लावा, लावा. वेळ जातेय."

मेढ ताठ उभी राहिली. आठवड्याचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाला समजावलं.

पाण्याला आठवडा धीर नसतो. द्रौपदीने आधी भिंतीला ओल आल्याचं सांगितलं. पावसाचा टिपूस नाही, आणि भिंत कशी ओली, असं ती कपाळाला हात लावून म्हणाली. मग वास यायला लागला. मग भिंतीच्या आणि लादीच्या सांध्यातून काळं पाणी झिरपायला लागलं. त्याच भिंतीशी अंबादासची गादी होती. अंबादास द्रौपदीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून तो तिथेच, जमिनीवर, कारण खाटेवरून तो दोनदा पडला होता.

"माझ्या मोरीचा पाइप गेला वाटतं गं," द्रौपदी वर येऊन म्हणाली. "लादीखालून जातो ना तो."

मालन तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझाच असेल. जुना आहे ना."

हे तिने म्हटलं. कुणी तिच्या तोंडात घातलं नव्हतं. जान्हवीला जन्मापासून पाळणाघर माहीत नव्हतं ते या द्रौपदीमुळे. मालन अंधेरीला कंपनीत पाकिटं भरायला जायची आणि पोर द्रौपदीच्या मांडीवर भाकरीचा पापुद्रा चघळत मोठी झाली. त्या द्रौपदीला मालनने तांदळातले खडे काढता काढता खोटं सांगितलं.

प्लंबर सर्वेश आला. चाळीतलाच पोरगा, हाताला घाई फार. त्याने द्रौपदीच्या घरात वास घेतला, भिंत ठोकली आणि सांगितलं, "आधी आतला बघू. नव्वद टक्के तोच असतो." अंबादासला कोपऱ्यात सरकवलं, देव्हाऱ्यासारख्या लखलखीत ठेवलेल्या द्रौपदीच्या घरात छिन्नी-हातोडा सुरू झाला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीवर धुळीचा थर बसला. द्रौपदीने त्या उतरवून चादरीत गुंडाळल्या. मालन वरून चहाची किटली घेऊन आली. कामगारांना दिला, सर्वेशला दिला, द्रौपदीला दिला. हातोड्याचे घाव चालू असताना ती रिकामे कप गोळा करत राहिली.

मोरीपासून दारापर्यंत लादी उखडली. पाइप निघाला तो धडधाकट. खालची माती कोरडी ठणठणीत.

"च्यायला," सर्वेश म्हणाला, "पाणी वरनं येतंय. बोळ खोदायला लागेल."

धाकू वरून ओरडला, "लग्न होयसर बोळाक हात लावूचो नाय!"

मालनला वाटलं, आता द्रौपदी भांडेल. भांडायला हवं होतं तिने. चार शिव्या घातल्या असत्या तर मालनने त्या आनंदाने झेलल्या असत्या. पण द्रौपदी पदराने तोंड पुसत म्हणाली, "राहू द्या भाऊजी. पोरीचं लगीन होऊन जाऊ दे. भिंत कुठं पळून जातीय."

तिचा मुलगा विशाल पवईला एका ऑफिसात होता. सुट्टी काढून तो घरी बसला होता आणि हे ऐकून त्याचा पारा चढला. "आई, बाबांना कुठे ठेवायचं? या उकिरड्यात?"

"आमच्याकडे," मालन पटकन म्हणाली. "आमच्या पुढच्या खोलीत ठेवू."

लग्नघर, पाहुणे येऊन टेकलेले, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि तरी तिने अंबादासला वर आणवलं. दाराशी स्वतःच्या खाटेवर गादी घातली, बाजूला लोड लावले. चाळभर झालं, मालनसारखी बाई नाही. द्रौपदी तर येईल त्याला सांगायला लागली, "सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं हिनं." मालन तिथून उठून आत जायची. कौतुकाचं एकेक वाक्य तिला टोचत होतं, आणि ते थांबव म्हणायची सोय नव्हती.

तिने आपल्या परीने काय ते केलं. स्वतःच्या मोरीत पाणी सोडायचं बंद केलं. खरकटं पाणी, धुण्याचं पाणी, सगळं बादलीत धरून ती पायऱ्या उतरून गटारात ओतून यायची. गुडघे बोलायला लागले.

"मोरी आसताना भायर कित्याक वतंस?" धाकूने विचारलं.

"तुंबलीय जरा," ती म्हणाली. वरच्या दोन घरांचं पाणी मात्र चालूच होतं. त्यांना कोण सांगणार, आणि काय म्हणून?

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी घाणा भरायचा होता. सुवासिनी जमून मुसळांना आंब्याची पानं बांधत होत्या, हळकुंडं कुटायची तयारी चालली होती, कुणीतरी ओव्यांची आठवण काढत होतं. आत पुढच्या खोलीत द्रौपदी अंबादासचं अंग पुसायला आली होती. तिला एकटीला तो कुशीवर होईना, म्हणून मालनने हात लावला.

अंबादास भिंतीकडे वळला आणि मालनला त्याची पाठ दिसली. माकडहाडाच्या वर तळहाताएवढी कातडी गेली होती. कडा पांढऱ्या, मध्ये लालभडक. आयुष्यभर ओझी उचललेली ती पाठ, आणि त्यावर हे.

"हे कधी झालं?" मालनने विचारलं.

"गादी खालनं भिजली होती गं. वरनं कोरडी लागायची. मला दोन दिवस कळलंच नाही." द्रौपदी कापूस पाण्यात पिळत होती. "ह्यांना तर बोलता येत नाही. नुसते बघत राहायचे माझ्याकडं. मला वाटलं, चहा पाहिजे असेल. माझंच चुकलं. मी हात घालून बघायला पाहिजे होतं. एवढं कसं सुचलं नाही मला?"

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, अंबादासला कळू नये म्हणून तोंड फिरवून.

मालनच्या हातातून टॉवेल गळला. माझंच चुकलं, असं ही म्हणतेय. ही! मालन उठली आणि दाराबाहेर आली. बायकांनी तिला बघून मुसळ पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. ती उंबरा उतरली आणि तिने दोन्ही हातांनी मेढ धरली आणि जोर लावला.

आधी कुणाला काही समजेचना. मग धाकू धावत आला. "अगो, काय करतंस? तुका येड लागला काय? हात काढ!"

"हीच आहे," मालन म्हणाली. ती मेढेला मागेपुढे हलवत होती. मेढ पाइपात घट्ट बसली होती, हलत नव्हती. "हिच्यापायीच फुटलाय पाइप. पहार गेली तेव्हाच फुटला. मी बघितला तुकडा. माझ्या हातात आला होता."

जान्हवी दारात उभी होती, हातात हिरवा चुडा, आदल्याच संध्याकाळी भरलेला. तिने विचारलं, "मावशीची लादी फोडत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

मालनने मान हलवली.

"आणि तू चहा देत होतीस?"

मालनने मेढेवरची पकड सोडली नाही. धाकूने तिचा दंड धरला होता, बायका पुटपुटत होत्या, तिसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, असं काहीतरी. मालनला वाटलं, आता पोर हात धरेल. रडेल, म्हणेल, आई, माझं लग्न आहे गं. जान्हवी पायरी उतरून आली, ओढणी कमरेला खोचली आणि तिने आईच्या हातांखाली मेढ पकडली. एकदा आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. मग दोघींनी मिळून ओढली. चुड्यातल्या दोन बांगड्या फुटल्या. मेढ निघाली. तिचं खालचं टोक काळंकुट्ट झालं होतं, आणि खड्ड्यातून अशी घाण उसळली की अक्षतांचं ताट घेऊन उभी असलेली बाई मागे सरली.

विशाल खालून वर आला होता. त्याने मेढेच्या टोकाकडे बघितलं, धाकूकडे बघितलं. "म्हणजे शकुन तुमचा, आणि घाण आमच्या घरात," तो म्हणाला. "काकी, निदान बाबा तिथे झोपतात हे तरी आठवायचं होतं."

"आठवत होतं," मालन म्हणाली. ते खरं होतं आणि त्याने काहीच सुधारलं नाही.

द्रौपदी दारात आली होती. हातात तो ओला कापूस तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. मालनने तिच्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. द्रौपदी विशालला म्हणाली, "बाबाला उचल."

"अगं, कुठे नेतेस? खाली सगळं उखडलेलं आहे," मालन पुढे झाली.

"तशाच मातीवर खाट टाकते," द्रौपदी म्हणाली. अंबादासला चादरीत उचलून मायलेक पायऱ्या उतरले. अंबादासचा डावा हात चादरीबाहेर लोंबत होता. जान्हवीने धावत जाऊन तो उचलून धरला आणि तीही त्यांच्याबरोबर खाली गेली.

मग मात्र कामाला वेळ लागला नाही. सर्वेशने कोबा फोडला, पाइपाच्या दोन्ही बाजूंची माती हाताने काढली. मेढ थेट पाइपाच्या डोक्यातून आत घुसली होती आणि भोक वाळूने व कचऱ्याने तुंबलं होतं. फुटका भाग त्याने करवतीने कापून काढला, दोन्ही टोकं कानशीने घासली, कोरड्या फडक्याने पुसली, आणि मधे नवीन तुकडा घालून दोन्हीकडे कपलर चिकटवले. "हे वाळेपर्यंत मोरीत थेंब नको," त्याने सांगितलं. विशाल स्वतः वरच्या दोन घरांच्या दारांत जाऊन उभा राहिला. लग्नघरातल्या बायकांनी हात धुवायलासुद्धा पाणी घेतलं नाही. मग बादलीभर पाणी सोडून बघितलं. सांधा कोरडा राहिला. खाली रेती, वर माती, वर सिमेंट, आणि बोळ पुन्हा सपाट.

उरली मेढ. धाकूने भटजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळा प्रकार ऐकून भटजी म्हणाले, "अहो, मग हातभर बाजूला रोवा की. एक नारळ वाढवा, चुकलंमाकलं म्हणा. जमीन नसेल तर डब्यात लावा. त्यात काय एवढं!"

मालन पायरीवर खाली बसली. एवढंच होतं. पहिल्या दिवशी भटजी हाताच्या अंतरावर उभे होते आणि तिने विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मेढ संध्याकाळी तेलाच्या डब्यात उभी राहिली.

लग्न झकास पार पडलं. वऱ्हाड वेळेवर आलं, सासरची माणसं गोड बोलली, कुठे माशी शिंकली नाही. द्रौपदी आली. ती येणार नाही अशी पैज चाळीत लागली होती, पण ती पोपटी साडी नेसून आली. विधी चालू असताना नेहमीसारखी बाजूला बसली, जेवणाच्या पंगतीत वाढायला उभी राहिली, आणि निघताना जान्हवी तिच्या गळ्यात पडून आईच्या गळ्यात पडली त्याहून जास्त वेळ रडली. मालन सगळं बघत होती. आपल्याशी ती काही बोलेल म्हणून दोनदा तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. द्रौपदीने वाट दिली आणि ती पुढे गेली.

पाहुणे पांगल्यावर मालन बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन पायऱ्या उतरली. काय बोलायचं ते तिने दहादा मनात घोळवलं होतं. माफ कर म्हणायचं, पाय धरायची वेळ आली तर धरायचे. दार उघडंच होतं. नवीन लादी बसली होती, तसबिरी पुन्हा भिंतीवर आल्या होत्या. अंबादासची खाट आता समोरच्या भिंतीला होती आणि त्याच्या पाठीला पट्टी होती.

"ये ना," द्रौपदी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली, पदराने पुसली. "बस. जान्हवीचा फोन आला होता का? बरी आहे ना तिथं?"

"बरी आहे," मालन म्हणाली. "द्रौपदी, मी काय म्हणते..."

"थांब, पाणी आणते."

नवीन लग्न होऊन मालन या चाळीत आली तेव्हा सासूने बजावलं होतं, खालच्या घरी पाणी प्यायचं नाही. मालन दुसऱ्याच महिन्यात सासूला चोरून प्यायली होती, आणि तेव्हापासून या घरात तिने पाणी कधी मागितलं नव्हतं. सरळ स्वयंपाकघरात जायचं, माठावरचं झाकण काढायचं, ओगराळं बुडवायचं. तहान लागो न लागो. तीच तिची इथे येण्याची रीत होती. आताही ती सवयीने उठायला गेली, पण तोवर द्रौपदी आतून आली. हातात पितळी ताटली होती, ताटलीत काचेचा पेला, काठोकाठ भरलेला.

मालनने पेला उचलला. पाणी माठातलंच होतं, थंडगार. तिने तो ओठांना लावला आणि तसाच धरून ठेवला. द्रौपदी रिकामी ताटली दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभी होती, पाहुण्याचं पाणी पिऊन होईपर्यंत माणूस उभं राहतं तशी.